नेरूळच्या बाकावरची युद्धनीती

चार रिटायर्ड माणसं रोज एकाच बाकावर बसली की किस्से शोधावे लागत नाहीत, आपोआप साठतात. आमच्या नेरूळच्या बागेत मॉर्निंग वॉक नावालाच. खरं काम पाकिस्तानचं काय करायचं ते ठरवण्याचं. अध्यक्ष कुलकर्णी सर, कॉलेजात इतिहास शिकवायचे. मग करावे गावचे म्हात्रे. सावंत मूळचे कणकवलीचे, मुलगा फौजेत. आणि सरांच्याच सोसायटीतला मी.

*

सर म्हणाले, "नद्या अडवा. एक थेंब सोडू नका. आपोआप गुडघ्यावर येतील."

म्हात्रे म्हणाले, "त्यांचा पानी मंग बंद करा, सर. तुमच्या सोसायटीचा कालपासून बंद हाय, त्याचा काय?"

"तो लोकल इश्यू आहे."

*

मग आर्थिक कोंडी. तिकडच्या खाणीतलं म्हणून सरांनी घरातलं सैंधव मीठ कचऱ्यात टाकलं. एकादशीला वहिनींनी निमूटपणे अळणी साबुदाणा खिचडी वाढली.

पुढच्या एकादशीला डब्यात सैंधव परत हजर. सर म्हणाले, "धोरण लवचिक हवं."

*

ब्लॅकआऊटचं मॉक ड्रिल होतं. सायरन वाजला, सोसायटी काळोखात. सर शिट्टी घेऊन खाली. "सातव्या मजल्यावर लाईट कोणाची? देशाचं काही पडलंय की नाही?"

मी म्हटलं, "सर, ती तुमचीच बाल्कनी."

सर म्हणाले, "शत्रूची दिशाभूल करायला ठेवलीय."

*

शत्रूशी बोलणी नकोतच, हे सरांचं ठाम मत. पार्किंगवरून समोरच्या फ्लॅटशी त्यांनी हा प्रयोग केलेला आहे.

"फायदा झाला?" मी विचारलं.

"तो गाडी अजून माझ्याच जागेत लावतो. पण नैतिक विजय आपला."

*

सावंतांचा समीर सुट्टीवर आला, तेव्हा वडिलांबरोबर बागेत आला. सरांनी त्याला बाकावर मधोमध बसवून पन्नास वर्षांचा आराखडा ऐकवला. पहिल्या टप्प्यात शत्रूला सीमेवर सतत झुंजत ठेवायचं, थोडी किंमत मोजावी लागेल. दुसऱ्यात शत्रू खिळखिळा. तिसऱ्यात तो स्वतःहून शरण.

समीरने सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "काका, यात मी कुठे?"

"अरे, पहिला टप्पा म्हणजे तूच तर."

"आणि दुसऱ्यात?"

सरांनी सावंतांकडे पाहिलं. सावंत खाली वाकून बुटाची नाडी बांधत होते. बांधतच राहिले.

"ऊन वाढलं," सर म्हणाले. "निघू या."