पंख्याची घरघर

परवा खालापुरात मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात डाखाचा, म्हणजे सोल्डरिंगचा, वास आला आणि मी थेट ऐंशीच्या दशकातल्या कॉलेजच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळेत पोचले.

आमचे सर समीकरणं फळ्यावरच ठेवून म्हणायचे, “आता कानांनी शिका.” पंख्याखाली आपला आवाज रेकॉर्ड करायचा आणि संगणकाच्या मदतीनं त्यातली फक्त घरघर गाळायची. माझी घरघर गेली, पण आवाजही गेला!

शेजारची मैत्रीण हसली, “तू कुटं गेलीस गं?”

सर मात्र खूश. “जास्तच गाळलंस. आता गाळणीचे आकडे बदल, स्वतःला हळूहळू परत आण.”

संध्याकाळी स्पीकरमधून स्वच्छ ऐकू आलं, “मी पळसदरीची.” वर्गात कधी तोंड न उघडणारी मी दचकलेच. इतका ठाम आवाज माझा?

पुढे मीही शिकवू लागले. पंखा कितीही घरघरला, तरी शेवटच्या बाकापर्यंत मी ऐकू जायचे.