चौकटीखालचा भुसा

रेनो कालिओने जन्मभर लोकांच्या घरांत लाकडी जमिनी बसवल्या. अमेरिकेतल्या ड्युलुथ शहराच्या चढावर, सरोवराकडे तोंड करून उभ्या असलेल्या जुन्या घरांत. गुडघे गेले, पण दहाही बोटं शाबूत राहिली. त्याच्या धंद्यातल्या फार थोड्यांना तसं सांगता येत होतं.

बायको गेल्यावर तो एकटाच राहायचा. मग नवऱ्याला सोडून मुलगी काइसा परत आली, रांगत्या टिल्डाला घेऊन. तिच्या खोलीतला गालिचा कुजका होता. नातीने त्यावर रांगावं हे रेनोला पटेना. त्याने तो उचकटला आणि ओकच्या फळ्या आणल्या.

फळी दाराच्या चौकटीखाली सरकायला हवी, म्हणून चौकट खालून कापावी लागते. त्यासाठी त्याच्याकडे थरथरत्या पात्याचं मशीन होतं. ते पातं गरगर फिरत नाही, म्हणून लोक त्याला भीत नाहीत, आणि तिथेच बोटं जातात. रेनोने खोलीची वीज बंद करून वायर स्वयंपाकघरातून आणली. पातं बदलताना प्लग काढला. चष्मा घातला, तोंडाला मास्क बांधला. नव्या फळीचा तुकडा जमिनीवर टाकून त्यावर पातं आडवं टेकवलं आणि न दाबता कापू दिलं. दाबलं की पातं तापतं आणि भरकटतं.

शेजारचा वेइक्को दारात उभा राहून बघत होता. "स्वतःच्याच घरात एवढी नाटकं? गिऱ्हाईक बघतंय का तुला?"

"बोटं तरी माझीच आहेत ना?" रेनो म्हणाला.

चौकटीवर रंगाचे थर होते, एकावर एक, सगळ्यांत खालचा बापाच्या वेळचा. ठेकेदाराकडे असताना अशा जुन्या घरांत रंगाची धूळ पसरू नये म्हणून नियमाप्रमाणे प्लास्टिक टांगायचे, ओल्या फडक्याने पुसायचे. रेनोला तो सरकारी देखावा वाटायचा. इथे त्याने पांढरट भुसा कोरड्या झाडूने लोटला. दुपारी कॉफीला स्वयंपाकघरात गेला. संध्याकाळी टिल्डाच्या पलंगाशी बसून तिला खेळवलं.

तिथे वर्षाच्या मुलांची शिशासाठी रक्ततपासणी होते, तशी टिल्डाची झाली. रक्तात शिसं निघालं, पुष्कळ. टिल्डा आधी दोन-तीन शब्द बोलायची. ते थांबले होते, आणि दात येत असतील म्हणून कोणी लक्ष दिलं नव्हतं.

आरोग्य खात्याची बाई आली. तिने ओल्या चिंध्यांनी जागोजागी पुसून नमुने घेतले. जुन्या रंगात शिसं असतं, तेव्हा खोलीत ते सापडेल हे तिला ठाऊक होतं. स्वयंपाकघरात आणि पलंगाच्या चादरीवर इतकं कसं, हे तिला कळेना. काम करताना पायांत काय होतं, असं तिने विचारलं.

रेनोने जरा ताठ होऊनच सांगितलं की बूट घालून घरात यायची आमच्यात पद्धत नाही. लोकरीचे मोजे होते.

बाईने मान खाली घातली आणि लिहीत राहिली. लोकरीला धूळ कशी चिकटते आणि घरभर कशी जाते, ते कोणाला समजावून सांगावं लागलं नाही.

ती गेल्यावर काइसाने टिल्डाला कडेवर उचललं. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही स्वतःच्या तोंडाला मास्क बांधला होतात."

त्याच आठवड्यात ती लेकीला घेऊन मैत्रिणीकडे राहायला गेली. डॉक्टर म्हणाले, रक्तातलं उतरेल. हाडांत गेलेलं वर्षानुवर्षं राहतं, आणि मेंदूवर काय परिणाम झाला ते शाळेत जायला लागल्यावरच कळेल.

रेनोने सगळं घर ओल्या फडक्याने पुसलं, गुडघ्यांवर बसून, भिंतीपासून दाराकडे, मग पुन्हा. गाद्या फेकून दिल्या. चौकटी मुळापासून काढल्या, या वेळी प्लास्टिक टांगून, लाकूड ओलं करून. पुन्हा तपासणी झाली. घर स्वच्छ निघालं.

त्याने काइसाला फोन करून सांगितलं. ती बरं म्हणाली. टिल्डाला बोलू दे जरा, असं त्याने म्हटलं, तेव्हा तिने फोन मुलीच्या तोंडाशी धरला. रेनो कान देऊन बसला. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता.