लायनरवरचं कुंकू

ये गं शुभे, पत्रातच का होईना, अशी जवळ बस. आणि कान इकडे दे, कारण मला तुला रागवायचंय. वडिलांच्या तेराव्याला भरल्या घरात काय बोललीस? "बाबांनी एकदा सगळ्यांना बिनब्रेकचं घाटात नेलं होतं!" पाहुणे हसले, रडता रडता तूही हसलीस. हसावं, त्याला काही नाही... पण ते तसं झालंच नव्हतं गं. चारचौघांत बोललं गेलं, म्हणून चारचौघांना वाचता येईल असंच लिहिते.

आणीबाणी उठली त्या वर्षीचा दसरा. तू तान्ही. आमच्या जुन्या फियाटचे ब्रेक करकरायला लागलेले. तुझे काका म्हणाले, नाशकातच मुंबई नाक्यावरच्या मेकॅनिककडे टाकू. पण तुझ्या बाबांनी, माझ्या भाऊजींनी, नवे लायनर, म्हणजे चाकाला आतून दाबून धरणारे ब्रेकचे पट्टे, केव्हाच आणून ठेवलेले. कचेरीत कारकुनी करायचे, पण जीव सगळा पान्या-पकडीत.

"पोटात दुखलं तर स्वतःच पोट फाडतोस का रे अरू?"

"पोट उघडून बघता येत नाही, दादा. चाक येतं."

काकांचा आवाज चढला. "परवा कसारा घाट उतरायचाय. आई असेल गाडीत, हे तान्हं असेल. नीट उतरलास तर गाडी तुझी, हवं ते खोल. नाहीतर पुन्हा तिला हात लावायचा नाही."

"कबूल," भाऊजी म्हणाले. चेष्टेवारी नाही गं, अगदी शब्द दिल्यासारखे.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. पाटावर पाने, हातोडी, जॅक मांडून भाऊजी आंघोळीला गेले. नवे लायनरही त्यातच होते. तुझ्या आजीनं तेवढ्यात पूजा उरकली, झेंडू वाहिले. लायनरवर कुंकू बघून भाऊजी हसले, "आई, आता हे ब्रेक लावतील की आशीर्वाद देतील?" फडक्यानं पुसले आणि बसवले. ब्रेकच्या नळीतली हवा काढायला पॅडलवर मी. गाडीखालून त्यांचा आवाज, "वहिनी, दाबा... धरा... सोडा." दुपारी गल्लीतून दोन फेऱ्या मारल्या. गाडी जागच्या जागी उभी राहत होती.

दसऱ्याला सोनं द्यायला कल्याणला, नणंदेकडे निघालो. इगतपुरी मागे पडली, उतार लागला. भाऊजींनी पहिला जोराचा ब्रेक मारला आणि गाडी उजवीकडे ओढली गेली. समोरून ट्रक वर चढत होता. त्यांनी स्टिअरिंग डावीकडे खेचलं, ट्रक कर्कश हॉर्न देत अगदी जवळून गेला. पुन्हा ब्रेक, पुन्हा तीच ओढ. जळल्याचा वास यायला लागला. तुझी आई माझ्या दंडाला धरून होती, तू माझ्या मांडीवर गाढ झोपलेली. भाऊजींनी गाडी पहिल्या गिअरला टाकली, हँडब्रेक मुठीत धरला. इंजिन नुसतं किंचाळत होतं. काका एकच शब्द बोलत होते, "हळू... हळू..." आजीचा जप थांबला, तेव्हा मला खरी भीती वाटली.

उतरलो बाई. घाट संपल्यावर त्यांनी गाडी झाडाखाली घेतली, जॅक लावला, डावं पुढचं चाक काढलं. ड्रम निवल्यावर तोही काढला. पाणी घेऊन मी शेजारीच उभी. लायनर तेलानं काळपट झालेले, आणि रिव्हेटच्या खळग्यात लालभडक कुंकू. आजीनं पूजेआधी हत्यारांना पुसतात तसं तेलाचं बोट या लायनरनाही पुसलं होतं! तेल लागलेला लायनर गल्लीत धरतो, पण घाटात तापला की सुटतो, हे तिला कोण सांगणार?

काका वाकले. "काय झालं?"

भाऊजींनी अंगठ्यानं तो लाल ठिपका पुसला. "माझाच ग्रीसचा हात लागला, दादा."

"ठरलंय ना आपलं?"

"ठरलंय."

वरून आजीच म्हणाली, "तरी मी सांगत होते, ज्याचं काम त्यानंच करावं. जीव घेतला असतास सगळ्यांचा!" भाऊजींनी मान खाली घातली. माझ्याकडे बघून नुसते ओठ हलवले, "वहिनी, सांगायचं नाही हं."

नाही बोलले मी. त्यांनी त्या गाडीला पुन्हा हात लावला नाही. मेकॅनिककडे गाडी गेली की फाटकाशी उभे राहायचे, तिची वाट बघत... आजी जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी त्यांनी तोंड उघडलं नाही.

काल हे इथवरचं सगळं तुझ्या काकांना वाचून दाखवलं. तसे ते उठले, तुझ्या आईकडे गेले आणि भाऊजींची पान्यांची पेटी उचलून घेऊन आले. आता अंगणात बसून एकेक पाना पुसतायत. सध्याच्या गाडीचेही लायनर झिजलेत म्हणे, पण मेकॅनिकला बोलवू देत नाहीत. "अरूच्या पोरीला बोलव," म्हणतात, "पाना तिनं धरायचा."

तेव्हा लवकर ये गं. आणि येताना जुने कपडे घालून ये.