तोंडातली बोटे

दंतवैद्यांच्या दवाखान्यात माझ्या आधीच्या गृहस्थांना डॉक्टरांनी आ करायला सांगितले. तीन बोटे उभी मावावीत तेथे जेमतेम एक गेले.

"गुटखा?"

"मर्जीनं खाल्ला, साहेब. जबरदस्ती कुणाची नव्हती," ते ओठांच्या फटीतून बोलले.

'मर्जी' हा शब्द मी नुकताच वाचला होता. मुक्त बाजाराचा पुरस्कार करणाऱ्या एका अभ्याससंस्थेच्या संचालकांचा गुटखाबंदीविरुद्धचा लेख माझ्या हातातल्या वर्तमानपत्रात होता. नावाखाली 'स्वतंत्र अभ्यासक'. शब्द एकच, येथे तो कबुलीजबाब होता, तेथे युक्तिवाद.

त्या संस्थेला गुटखा उत्पादकांच्या देणग्या मिळतात, हे तिच्याच वार्षिक अहवालात छापलेले आहे. न्यायालय साक्षीदाराला पक्षकाराशी असलेले नाते विचारते. वर्तमानपत्रानेही ते विचारावे, म्हणून संचालकांच्या आधीच्या लेखांवर संपादकांना मी तीन पत्रे लिहिली. तिन्ही छापली गेली. देणग्यांचे वाक्य मात्र प्रत्येक वेळी 'जागेअभावी' गळले.

तपासणी उरकून ते गृहस्थ माझ्याशेजारी टेकले. मी त्यांना लेखाचा मथळा वाचून दाखवला : 'खाणाऱ्याची मर्जी, सरकारची लुडबुड'.

"लिहिणाऱ्याचं तोंड किती बोटं उघडतं हो?" त्यांनी विचारले.

चौथे पत्र मी तेवढ्या एका प्रश्नाचे केले आहे. त्यात जागेअभावी गाळण्यासारखे काही नाही.