कडकरावांची रंगीत तालीम

राजधानीला जायचं ठरलं आणि कडकरावांनी घर डोक्यावर घेतलं. इस्त्रीचं दुकान चालवणाऱ्या या माणसाला सगळी गल्ली याच नावाने ओळखायची. तिथल्या दिवंगत राष्ट्राध्यक्षांच्या स्मारकापुढे आपल्यातलं कुणी चुरगळलेलं दिसलं तर नाक कापलं जाईल, म्हणून गाडीत कुणी बसायचंच नाही, असं त्यांनी फर्मावलं. वर आणखी घरातच रंगीत तालीम घेतली. सासूबाई, बायको आणि मुलगी कडक इस्त्रीचे कपडे घालून स्वयंपाकघरात खांबासारख्या उभ्या.

"जावईबापू, माझे गुडघे बोंबलतायत हो!"

"बोंबलू द्या, पण वाकवू नका!" कडकराव खेकसले.

शेवटी बायकोचं डोकं फिरलं. तिने फोनवर स्मारकातल्या पुतळ्याचा फोटो शोधून त्यांच्या नाकासमोर धरला. "अहो, बघा! ते स्वतः खुर्चीत ऐसपैस बसलेत. दगडाच्या पँटलासुद्धा गुडघ्यापाशी चुण्या पडल्यात."

कडकरावांचा चेहराच पडला. "बसा सगळ्या," ते कसंबसं म्हणाले. सासूबाईंनी तिथेच बसकण मारली.

कडकराव मात्र दुकानात गेले, सगळ्यात जड इस्त्री घेऊन आले आणि प्रवासाच्या बॅगेत कोंबत पुटपुटले, "एवढा मोठा माणूस, आणि इतकी वर्षं कुणाचं लक्ष नाही!"