पळसाच्या हिरव्या पानांतले लाडू

मे महिन्यातल्या एका सोमवारी, कुरखेड्याहून चंद्रपूरला निघालेल्या एसटीतून मोहफुलाच्या लाडवांची एक टोपली आणि दोन प्रवासी उतरवण्यात आले. प्रवासी म्हणजे माझ्या वहिनी आणि मी.

लाडू वहिनींचे. चंद्रपूरच्या प्रदर्शनात त्यांना पहिल्यांदाच टेबल मिळाले होते, तेही एकाच दिवसापुरते. तिथे प्लास्टिक चालणार नव्हते. हे मी त्यांना कळवले, तिथपर्यंत ठीक होते. (बातमी कळवावी आणि बाजूला व्हावे, असे मी नव्या वार्ताहरांना नेहमी सांगतो.) मी मात्र मदतीला कुरखेड्याला जाऊन पोचलो.

वहिनींनी पळसाची पाने वाळवून, टाचून ठेवली होती. मी ती बाजूला सारली.

"हिरवी घ्या. फोटोत उठून दिसतील!"

"भाऊजी, हिरव्या पानाले घाम सुटते. लाडू ओले होतीन."

"वहिनी, पर्यावरणपूरक वेष्टनावर मी लेख लिहिलाय!"

"लेख लिवला. बांधलं का कधी?"

बांधले नव्हते. तरी माझेच चालले. पाने कोमेजू नयेत म्हणून दोन दिवस मी टोपलीवर ओले पोते टाकून ठेवले, येता-जाता पाणी शिंपडले. मोहफूल, गूळ, ओलावा आणि मे महिन्याचा उकाडा! यांतून काय तयार होते, हे कुरखेड्यात कोणीही सांगितले असते. मी विचारले नाही.

आरमोरी सुटल्यावर वास सुटला. मागच्या बाकावरचे आजोबा जागे झाले आणि प्रसन्न हसले. कंडक्टर आला.

"टोपलीत का आहे?"

"लाडू."

"मोहाचा वास मले नोका शिकवू, भाऊ!"

गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी आहे. पुढच्या नाक्यावर हवालदाराने टोपली उघडायला लावली. पाने हिरवीगार होती!

"लाडू आहे, तं खाऊन दाखवा."

मी बाणेदारपणे दोन खाल्ले. (आंबट होते.) हवालदाराने जवळ येऊन हुंगले.

"आता तं तुमच्या तोंडालेही वास येऊन राह्यला!"

"मी पत्रकार आहे," मी ओळखपत्र काढले.

"मंग बरोबर आहे," आजोबा खिडकीतून म्हणाले.

चौकशी दुपारपर्यंत चालली. लाडू आंबलेले आहेत, दारू नाही, एवढे निष्पन्न झाले. एसटी केव्हाच गेली होती. टोपली मी नाल्यात रिकामी केली. वहिनी टेबलावर अंथरायला आणलेली नवी चादर मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"आपलं टेबल रिकामंच असन ना जी आता?"

मी टोपलीला चिकटलेले एक हिरवे पान खरवडून काढू लागलो.

प्रदर्शन त्याच संध्याकाळी आटोपले. वहिनींनी त्यानंतर टेबल मागितलेले नाही. लाडू त्या अजून करतात. आमच्याकडे पाठवतात ते प्लास्टिकच्या डब्यात. झाकणावर चिकटपट्टी असते आणि तिच्यावर लिहिलेले असते: भाऊजी, पाणी शिंपडू नोका.