थांबणारा ट्रे

गोखिवऱ्याच्या त्या मेकॅनिकचं नाव मी विचारलंच नाही बघा. आमच्या ह्यांचा उजवा हात लुळा पडल्यापासून व्हिडिओ गेम हाच विरंगुळा, आणि ते मशीनच बंद पडलं. दुसरं घेतलं, तर त्याचा डिस्कचा ट्रे ह्यांचा डावा हात पोचायच्या आत परत आत पळायचा. मग हे भिंतीकडे तोंड करून पडायचे.

शेवटी मशीन घेऊन मी त्या मेकॅनिककडे गेले. त्याने सगळं ऐकून घेतलं. स्क्रू काढून शिंपल्यात ठेवले, डोळे मिटून चालू मशीनला कान लावला आणि तसाच राहिला. त्या गुणगुणीत मलाही डुलकी लागली.

"आंटी, आता अंकलनी ढकलल्याशिवाय हा आत जाणार नाय. घाईच काढून टाकली त्याची."

घरी ट्रे बाहेर आला, थांबला. ह्यांनी डिस्क ठेवली. सवयीने मी ट्रे ढकलायला हात पुढे केला, तर म्हणाले, "तू पण थांब ना गं."